मोहल्ल्यापासून गच्चीपर्यंत

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. वेळेअभावी राहून गेलेले काही मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



सचिवांनी मला सांगितलं होतं, 'काका, तुम्ही बँकेत होतात, ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींवर पंधरा मिनिटं बोला.' मी म्हटलं, व्याजाचे दर इथल्या प्रत्येक ज्येष्ठाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. अर्ध्या टक्क्यासाठी भर उन्हात दुसऱ्या सेक्टरपर्यंत चालत जाणारी मंडळी आहेत आपल्यात. त्यापेक्षा मला शेजाराबद्दल बोलू द्या. सचिव भले गृहस्थ, त्यांनी हो म्हटलं. मी नक्की काय बोलणार हे त्यांनी विचारलं नाही, हे माझ्या पथ्यावर पडलं.

पंचवीस वर्षांचा आढावा घेताना आपण गच्चीचं वॉटरप्रूफिंग, लिफ्ट, रंगकाम, सीसीटीव्ही हे सगळं सांगितलं. ते योग्यच आहे. पण माझ्या हिशेबात एक रक्कम बरीच वर्षं सस्पेन्स खात्यात पडून आहे. बँकेतल्या लोकांना हे खातं माहीत असतं. जी नोंद कुठे टाकायची ते कळत नाही, ती तिथे टाकायची आणि उद्या बघू म्हणायचं. ती नोंद आज मला बाहेर काढायची आहे. त्यासाठी आधी तुम्हाला भिवंडीला न्यावं लागेल.

१९८९ साली माझी बदली भिवंडीला झाली. ऑर्डर हातात पडली तेव्हा शाखेतले मित्र भेटायला आले ते सांत्वनाला आल्यासारखे. कारण भिवंडीचं नावच तसं झालेलं. १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे भयंकर दंगल झाली. जळगाव आणि महाडलाही तिचं लोण पोचलं आणि त्या सगळ्याची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. मग १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच, या वेळी ठाणे-मुंबईपर्यंत. आई तेव्हा हयात होती. ती म्हणाली, 'प्रमोशन नको, पण तिथे जाऊ नको.' प्रमोशन नव्हतंच, नुसती बदली होती, त्यामुळे जावं लागलं. कल्याणला बिऱ्हाड आणि रोज एसटीने भिवंडी.

भिवंडी म्हणजे यंत्रमाग. रात्रंदिवस खटखट. काउंटरवर मोठ्याने बोलायची सवय मला तिथेच लागली, घरचे अजून तक्रार करतात. आमच्या शाखेचे खातेदार बघितले तर सूत गुजराती-मारवाडी व्यापाऱ्याचं, माग अन्सारी-मोमीन मालकाचे, मागावर उभा राहणारा उत्तर प्रदेशातला किंवा तेलुगू पद्मशाली, आणि बिलं डिस्काउंट करणारे आम्ही. एकाची उधारी दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे. सगळे एकमेकांच्या दोऱ्यात अडकलेले. मला वाटायचं, इतका धंदा एकमेकांवर अवलंबून असताना ही माणसं भांडतात कशी? एका सूत व्यापाऱ्याला मी हे विचारलंही. तो म्हणाला, 'साहेब, धंदा ८४ मध्ये पण होताच की.'

हे वाक्य मी विसरलेलो नाही. धंद्याने माणसं जवळ येतात असं आपण सहज म्हणतो. येतात, पण दुकानाच्या फळीपर्यंत. फळीच्या आत कोण राहतं, त्याची पोरं काय करतात, त्याची आई आजारी आहे का, हे वीस वर्षांचा व्यवहार असूनही माहीत नसतं. आणि ज्याचं घर माहीत नाही, त्याच्या घरात हत्यारं साठवली आहेत असं कुणी सांगितलं तर ते खोटं कशावरून म्हणणार?

मी जायच्या आदल्या वर्षी, १९८८ मध्ये, सुरेश खोपडे नावाचे पोलिस उपायुक्त भिवंडीला आले होते. त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. तोवर सगळीकडे असायची ती शांतता समिती. तुम्ही पाहिलेली असेल. सणाच्या आठ दिवस आधी पोलिस ठाण्यात पांढऱ्या कपड्यातले पुढारी जमतात, चहा-सामोसे होतात, 'हमारे शहर की परंपरा' वगैरे भाषणं होतात, फोटो निघतो. त्यातल्या काहींचा दंगलीशी संबंध दंगल थांबवण्यापुरताच असतो असं छातीठोकपणे सांगता येत नाही. खोपडे साहेबांनी पुढारी बाजूला ठेवले. शहराचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भागात तिथल्याच साध्या रहिवाशांची समिती केली. दुकानदार, शिक्षक, कामगार. दोन्ही समाजांचे, जमेल तिथे सारखे. अशा सत्तरच्या आसपास समित्या झाल्या. त्या भागाचा जो बीट हवालदार, तोच समितीचा दुवा.

एका बैठकीला मी गेलो होतो. समाजसेवा म्हणून नव्हे, आमच्या शाखेच्या पायरीशी गटार तुंबायचं म्हणून. शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन तीस-चाळीस मोठी माणसं बसली होती. दोन तास चाललं. नळावरची भांडणं, एका भिंतीचा वाद, कर्ण्याचा आवाज, मुलींच्या शाळेबाहेर उभी राहणारी पोरं, आणि आमचं गटार. त्या दोन तासांत 'एकात्मता' हा शब्द कुणी उच्चारला नाही. हवालदार रजिस्टरमध्ये लिहून घेत होता. तारीख, तक्रार, कुणी करायचं, झालं की नाही. मी बँकेचा माणूस, रजिस्टर दिसलं की माझी मान आपोआप वळते. मागच्या पानांवर बघितलं, बऱ्याच ओळींपुढे 'झाले' असं लिहिलेलं होतं. आमचं गटार मात्र चौथ्या बैठकीनंतर झालं, हेही नमूद करतो.

६ डिसेंबर १९९२ ला रविवार होता. सोमवारी सकाळी बायको म्हणाली, रजा टाका. पण चाव्यांचा एक जोड माझ्याकडे, त्यामुळे गेलो. मुंबईत त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत काय झालं ते इथल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात दोन्ही टप्पे मिळून मृतांचा आकडा ९०० आहे. आणि ज्या भिवंडीचं नाव ऐकून माझी आई घाबरली होती, ती भिवंडी शांत राहिली.

शांत म्हणजे भीती नव्हती असं नाही. त्या आठवड्यात एका दुपारी शाखेत कुणीतरी धापा टाकत आला, नाक्यावर ट्रक भरून माणसं उतरली आहेत म्हणाला. काउंटरवरचे लोक पैसे न घेताच बाहेर पळाले. आमच्या कोपऱ्यावर समितीतले दोघे, एक मागवाला आणि एक पिठाच्या गिरणीवाला, स्टूल टाकून बसले होते. हे दोघे हवालदाराला घेऊन नाक्यावर गेले आणि वीस मिनिटांत परत आले. सुताच्या गासड्यांचा ट्रक होता, टायर फुटला म्हणून माल उतरवत होते. गिरणीवाल्याने हे आपल्या गल्लीत सांगितलं, मागवाल्याने आपल्या गल्लीत. दोघांवर आपापल्या गल्लीचा विश्वास होता, आणि दोघं एकत्र जाऊन बघून आले होते. एवढंच. यात शौर्य काही नाही. पण अफवेला पाय फुटायला अर्धा तास पुरतो, आणि तो अर्धा तास त्या दोघांनी वाचवला.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खोपडे साहेबांची तोवर बदली झालेली होती. त्यांच्या जागी आलेल्या गुलाबराव पोळ यांनी समित्या मोडल्या नाहीत, चालू ठेवल्या. सरकारी खात्यात आधीच्या साहेबाची योजना पुढचा साहेब चालवतो, हे मी नोकरीत फार कमी पाहिलं. मुंबई का जळाली आणि भिवंडी का नाही, या प्रश्नावर खोपडे साहेबांनी पुढे पुस्तकच लिहिलं.

मुंबईत दंगलीनंतर असंच काम उभं राहिलं. ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलिस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे अशी मंडळी पुढे आली आणि मोहल्ला एकता समित्या झाल्या. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान ही जोडी. वकार खान यांनी चार लहान मुलांना चार धर्मांचे पोशाख घालून फोटो काढला, वर 'हम सब एक हैं'. ते पोस्टर पुढे पोलिस ठाण्यांतूनही लागलं, तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिलं असेल. पोलिस आणि वस्तीतली पोरं यांच्या क्रिकेट मॅचेस झाल्या. सगळंच गोड झालं असं मी म्हणणार नाही. पुष्कळ समित्या नुसत्या कागदावर राहिल्या, काही पुन्हा सामोशावर आल्या. आणि दंगलीत ज्याचं माणूस गेलं त्याला न्याय देणं हे समितीच्या हातात नसतं. त्याला 'आता मिळून मिसळून राहा' एवढंच सांगणं बरोबर नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

आता आपल्या बाजाराकडे येतो. भिवंडीनंतर मधल्या दोन बदल्या सोडल्या तर माझी शेवटची बरीच वर्षं इथल्या मार्केटच्या शाखेत गेली. मशीद बंदर, क्रॉफर्ड मार्केट, भायखळा इथले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने इकडे आले आणि त्यांच्या मागोमाग आपण सगळे आलो. कांदा-बटाटा, फळं, भाजी, मसाला, धान्य. पहाटे तीनला भाजीच्या गाड्यांचे हॉर्न, मिरचीचा खकाणा उठला की तीन मजले शिंकतात, पावसाळ्यात कांद्याचा वास, एप्रिल-मेमध्ये आंब्याचा. पाहुणे नाक धरतात, आपण घड्याळ लावतो. आणि ज्यांच्या जमिनीवर हे सगळं उभं आहे ते तुर्भे-सानपाड्याचे आगरी-कोळी गावकरी. त्यांना आपण सुरुवातीची कित्येक वर्षं 'गाववाले' म्हणून एका शब्दात मोडीत काढत होतो. तो एक वेगळाच हिशेब आहे, आज त्यात शिरत नाही.

फळ मार्केटमध्ये आंब्याचा भाव जुने व्यापारी रुमालाखाली करायचे. एकाचा हात दुसऱ्याच्या हातात, वरून रुमाल, बोटं दाबायची, झाला सौदा. ना कागद, ना सही. कर्ज देताना आम्ही वीस सह्या घ्यायचो आणि तरी बुडायचे. आणि इथे कोकणातला बागायतदार, मुसलमान आडत्या, गुजराती खरेदीदार, साताऱ्याचा माथाडी, सगळं रुमालाखालच्या बोटांवर चालायचं.

असेच एक आंब्याचे आडते माझे खातेदार होते. मूळचे रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान, मराठी माझ्यापेक्षा लाघवी. त्यांचं नाव घेत नाही. खातं असं स्वच्छ की इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबाला मी मुद्दाम तेच खातं आधी दाखवायचो. आपल्या सोसायटीला तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा आपल्या एका सभासदाची बदली झाली आणि त्यांनी आपला फ्लॅट या शेठना भाड्याने द्यायचं ठरवलं. मार्केटपासून पायी दहा मिनिटं, मुलीची शाळा जवळ. शेठ मला म्हणाले, 'साहेब, तुमच्याच बिल्डिंगमध्ये येतोय.' मी म्हटलं, 'या की.'

मी तेव्हा खजिनदार होतो. समितीची बैठक झाली. कुणी सरळ काही बोललं नाही. एकाने जेवणाच्या वासाचा मुद्दा काढला. (तो स्वतः दर रविवारी सुरमई आणायचा.) एकाने पाहुणे फार येतील म्हटलं. एकाने 'आपलं ठीक आहे हो, पण बाकीचे सभासद?' म्हटलं. हे बाकीचे सभासद म्हणजे कोण, ते मला आजवर कळलेलं नाही.

सरळ बोलले ते फक्त आपले मुकादम. ते आज इथे बसले आहेत, त्यांना विचारूनच मी हे सांगतोय. धान्याच्या टोळीचे मुकादम, त्याआधी उमेदीची वर्षं मशीद बंदरच्या गोदामांत पाठीवर पोती वाहिलेली. जानेवारी ९३ च्या सुरुवातीला डोंगरीत गोदामात झोपलेल्या माथाडी कामगारांचे खून झाले. दंगलीचा दुसरा टप्पा भडकायला जी कारणं झाली त्यात या खुनांचं नाव येतं. मुकादम त्या दिवसांत तिथून जीव घेऊन पाटणला पळाले होते. ते बैठकीत म्हणाले, 'मला रात्री झोप लागायची नाही.' यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे एक माहिती होती. त्याच जानेवारीत शेठ आपला क्रॉफर्ड मार्केटचा गाळा बंद करून, बायको-मुलीला घेऊन रात्रीच्या रात्री गावाला गेले होते, आणि गाळ्यातला माल रस्त्यावर फेकलेला त्यांना परत आल्यावर दिसला. हे त्यांनी मला सांगितलेलं होतं. मी ते बैठकीत बोललो नाही.

मी काहीच बोललो नाही. ज्याने भिवंडीत चार वर्षं मोहल्ला समिती बघितली, तो माणूस आपल्या सोसायटीच्या समितीत तोंड मिटून बसला. ठराव असा झाला की 'तूर्त भाडेकरू ठेवण्यास परवानगी देऊ नये.' शेठचं नाव नाही, धर्म नाही, कागद स्वच्छ. सहा महिन्यांनी त्याच फ्लॅटमध्ये दुसरा भाडेकरू आला, तेव्हा 'तूर्त' संपलं होतं. बिनभोगवटा शुल्काची पावती मीच फाडली.

त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी शेठ शाखेत आले. मी चहा मागवला. ते काही बोलले नाहीत, चेकवर सही केली आणि गेले.

आज कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण आपल्याकडे अजून बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. सध्याच्या नमुना उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागतच नाही. सभासदाने आठ दिवस आधी कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिस ठाण्यात माहिती दिल्याची प्रत द्यायची, झालं. आणि विकत घेणाऱ्याच्या बाबतीत तर १९६० च्या सहकार कायद्यातच, कलम २३ मध्ये, पुरेसं कारण असल्याशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही असं लिहिलेलं आहे. 'बाकीचे सभासद' हे पुरेसं कारण नाही.

मग आलं २०२०. सगळं बंद, पण बाजार चालू, कारण मुंबईला भाजी कोण देणार? बाजारात रुग्ण वाढले. शेवटी ११ ते १७ मे सगळी मार्केट्स बंद ठेवावी लागली. त्याच सुमारास आपल्या गेटवर एक सूचना लागली. 'बाजार आवारात काम करणाऱ्या रहिवाशांनी पुढील सूचनेपर्यंत आपली निवासव्यवस्था अन्यत्र करावी.' आठवते? तिचा मसुदा मी तपासला होता. मी तेव्हा समितीत नव्हतो, पण शुद्धलेखनासाठी माझ्याकडे पाठवला. मी 'निवासव्यवस्था' हा शब्द जोडून लिहायला सांगितला आणि परत पाठवला. काय लिहिलंय ते वाचलं नाही असं म्हणू शकत नाही, प्रत्येक शब्द वाचला होता.

मुकादमांचा मुलगा धान्य मार्केटमध्ये माथाडी. त्याला लागण झाली. घरात म्हातारा-म्हातारी, सून, दोन पोरं. दूधवाला वर जायला तयार नाही, कचरा कुणी उचलेना. दुसऱ्या दिवशी वहिनींचा मला फोन. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. म्हणाल्या, 'भाऊजी, तवा त्या आंबेवाल्याला जागा द्यायची न्हाई म्हणून आमचं मालक पुढं हुतं. आता आमच्याच दारात आलं बघा.'

रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी मी ती सूचना काढली. सचिवांना न विचारता काढली, त्याबद्दल तेव्हा बोलणी खाल्ली. मग आम्ही पाच जण, त्यात सी विंगमधल्या दोन ताई, रात्रपाळीचा वॉचमन आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक कॉलेजातला मुलगा, यांनी वाटून घेतलं. दूध दाराशी कोण ठेवणार, कचरा कोण खाली आणणार, औषधं कोण, महापालिकेला फोन कोण. वही केली. तारीख, काम, कुणी करायचं, झालं की नाही. रकाने आखताना लक्षात आलं, हे मी भिवंडीच्या शाळेत बघितलेलं रजिस्टर आहे.

कोविड गेला, वही राहिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी गच्चीवर आम्ही बसतो. आता नऊ-दहा जण असतात. व्यवस्थापक समितीशी याचा संबंध नाही, कुणी अध्यक्ष नाही, हार नाहीत. वॉचमन आणि जिना झाडणाऱ्या मावशी येतात आणि खुर्चीवर बसतात. हे जमवायला तीन बैठका लागल्या, कारण मावशी खुर्चीवर बसेनात आणि आपल्यातल्या दोघांना ते सोयीचं वाटत होतं. विषय तेच. पार्किंग, वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी, पाण्याचा टँकर, मावशींनी कुठल्या लिफ्टने जायचं, गणपतीतला स्पीकर, बकरी ईदला समोरच्या इमारतीवरून आलेले फोन. दोनदा मी एकटाच जाऊन बसलो आणि चहा पिऊन खाली आलो. एक सभासद मासे तळण्याच्या विषयावरून रागावून गेले ते अजून आलेले नाहीत. त्यांची खुर्ची आहे.

एकच प्रसंग सांगतो. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या बायकांचा फोटो आला. 'सावधान, आपल्या भागात फिरत आहेत.' त्याच संध्याकाळी भंगार वेचणाऱ्या दोघी गेटसमोर होत्या आणि चार-पाच जण खाली जमले. आवाज चढले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झालं होतं ते आठवा. असल्याच अफवेवरून गावोगाव भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. ती माणसंही कुणाची तरी काका-मामाच होती, आणि मारणारे आठवडी बाजाराला आलेले लोक होते. आपल्या गेटवर त्या संध्याकाळी वॉचमन खाली होता. तो म्हणाला, 'या दोघी रोज येतात, माझ्या ओळखीच्या आहेत, तुर्भे स्टोअरला राहतात.' जमाव पांगला. वॉचमन हे बोलू शकला, कारण तो आदल्या रविवारी याच लोकांसमोर खुर्चीवर बसून बोललेला होता. निदान मला तरी असं वाटतं.

मोठ्या पातळीवरही अशी उदाहरणं होतात, फक्त त्यांची बातमी आतल्या पानावर येते. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईत मुस्लिम संघटनांनी स्वतःहून आपला जुलूस दुसऱ्या दिवशी नेला, सरकारने सुट्टीही हलवली. पुढच्या वर्षी पुन्हा तारखा लागून आल्या, पुन्हा जुलूस पुढे गेला. कुणीतरी आधी चार ठिकाणी बसून, चहा पिऊन हे ठरवलेलं असणार. त्या चहाचा फोटो कुणी काढत नाही.

राहिली सस्पेन्स खात्यातली नोंद. मागच्या आंब्याच्या मोसमात मी फळ मार्केटला शेठच्या गाळ्यावर गेलो. आता मुलगा बघतो, ते खुर्ची टाकून बसतात. मी त्या वेळचं सगळं सांगितलं. मी बोललो नाही, बोलायला हवं होतं, माझं चुकलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, 'साहेब, त्या दिवशी तुम्ही चहा दोनदा मागवलात, तेव्हाच मला कळलं होतं.' मग मुलाला सांगून एक पेटी बांधायला लावली. मी पैसे देत होतो, ते घेत नव्हते, शेवटी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवला. तो मला परवडणारा नव्हता, त्यांनी मुद्दाम चढा लावला असावा. मला ते बरं वाटलं. पेटी घरी आणली आणि अर्धी मुकादमांकडे दिली. कुणाकडून आणली तेही सांगितलं. मुकादम काही बोलले नाहीत. वहिनींनी रिकामी पाटी परत पाठवताना त्यात गावचा घेवडा घातला होता.

आता मुद्द्याचं. बी विंगमधल्या आपल्या एका सभासदाने सोसायटीला पत्र दिलं आहे, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने देत असल्याचं. नवरा मसाला मार्केटमध्ये हिशेब लिहितो, बायको नर्स आहे, दोन मुलं, सासू. आडनाव वाचून काल संध्याकाळपासून ग्रुपवर चर्चा सुरू झाली आहे आणि सह्यांचा एक कागद फिरतोय असं मला कळलं. 'बाकीचे सभासद' पुन्हा आले आहेत. परवानगीचा प्रश्न नाही हे मी मघाशी सांगितलंच. कागद कायद्याने निकामी आहे. पण कायद्याच्या जोरावर आलेलं कुटुंब जिन्यात रोज ज्या नजरा झेलील, त्यांना उपविधी नाहीत. म्हणून हा विषय पहिल्या रविवारच्या वहीत मी लिहिला आहे. ज्यांनी सही केली आहे त्यांनी जरूर यावं, त्यांचीच जास्त गरज आहे. त्या नर्सताईंनाही बोलावलं आहे. त्यांची दुपारची पाळी आहे, म्हणून वेळ नऊची ठेवली आहे. मुकादम येतो म्हणाले आहेत. काय बोलणार ते त्यांनी मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

गच्चीवर ऊन लवकर येतं, टोपी आणा. चहा माझ्याकडून. खुर्च्या कमी पडतील, शक्य असेल त्यांनी घरून एक जास्तीची आणावी.